इंग्लंडमधली पाणीपट्टी: दरवाढीचा प्रस्ताव नियामक कसा तपासतो आणि आपण तो कसा वाचायचा

एप्रिल २०२५ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधलं घरगुती पाणी-सांडपाण्याचं सरासरी वार्षिक बिल साधारण ४८० पौंडांवरून ६०३ पौंडांवर गेलं. एका वर्षात १२३ पौंड, म्हणजे २६ टक्के. त्याच सुमारास बातम्यांत ३६ टक्के हा आकडा येत होता, आणि आदल्या जुलैमध्ये २१ टक्के ऐकल्याचंही अनेकांच्या लक्षात होतं. साहजिकच लोक चिडले, आपली फसवणूक झाली असं त्यांना वाटलं.

खरं तर तिन्ही आकडे बरोबर होते. २१ टक्के ही नियामकाच्या मसुद्यातली पाच वर्षांची वाढ होती आणि ३६ टक्के ही अंतिम निर्णयातली. दोन्ही २०२२-२३ च्या किमतींत, म्हणजे महागाई वगळून. २६ टक्के ही फक्त पहिल्या वर्षाची, महागाई धरून झालेली वाढ. पाच वर्षांच्या वाढीचा मोठा हिस्सा पहिल्याच वर्षी लागू झाल्यामुळे ती इतकी टोचली.

स्लाव, हॅरो, रेडिंग, मिल्टन कीन्स अशा भागांत आपली बरीच मराठी कुटुंबं आता स्वतःच्या घरात राहतात, बिल स्वतः भरतात. मुंबईहून आलेल्यांना दरवर्षी जास्तीत जास्त ८ टक्के वाढ आणि तीही महापालिकेच्या पातळीवरच ठरणार, याची सवय असते. महाराष्ट्रात २००५ च्या कायद्यानं आलेलं जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आहे, पण ते धरणांतल्या घाऊक पाण्याचे दर ठरवतं. नळाची पट्टी ठरवते ती महापालिकाच. इंग्लंडमध्ये कंपन्या खासगी आहेत आणि त्यांनी किती पैसे गोळा करायचे हे ऑफवॉट हा नियामक ठरवतो. १९८९ च्या खासगीकरणाबरोबरच ही व्यवस्था आली.

या तपासणीत टक्का सगळ्यांत शेवटी येतो. नियामक आधी चार-पाच वेगळे प्रश्न सोडवतो: कोणता खर्च खरंच हवा, तो रास्त दरात होतो आहे का, गुंतवणूकदाराला किती परतावा द्यायचा, आणि हे पैसे आजच्या ग्राहकाकडून घ्यायचे की उद्याच्या. या उत्तरांची बेरीज झाली की टक्का आपोआप बाहेर पडतो. म्हणून आपली हरकत यातल्या एखाद्या प्रश्नाला भिडली, तरच ती कुठेतरी नोंदली जाते. प्रस्ताव कसा वाचायचा, ते त्याच क्रमानं पाहू.

पहिली पायरी: बिल नेमकं कोणाचं?

हे सोपं वाटतं, पण बरेच जण इथेच अडखळतात. हॅरोमध्ये नळाला येणारं पाणी अॅफिनिटी वॉटरचं असतं आणि सांडपाणी जातं टेम्स वॉटरकडे. म्हणजे तुमच्या खर्चामागे दोन कंपन्या, दोन आराखडे (पाच वर्षांत कोणती कामं आणि किती खर्च, हे सांगणारे कंपनीचे प्रस्ताव) आणि ऑफवॉटचे दोन वेगळे निर्णय आहेत. फक्त टेम्सचा आराखडा वाचून पाण्याच्या दराबद्दल लिहिलंत, तर ते पत्र चुकीच्या दारात पडेल.

बिलावर पाणी आणि सांडपाणी या दोन ओळी वेगळ्या असतात. त्या वेगळ्या लिहून घ्या. प्रत्येकीसमोर कंपनीचं नाव, मीटर आहे की नाही, ठरावीक वार्षिक आकार किती आणि घनमीटरमागे दर किती, एवढी टिपणी करून ठेवा. मीटर नसेल तर अजूनही घराच्या जुन्या, १९९० पर्यंतच्या करपात्र मूल्यावर आकारणी होऊ शकते. त्या आकड्याचा तुमच्या पाणीवापराशी काहीही संबंध नसतो.

स्कॉटलंडमधल्या वाचकांना पुढचं सगळं जसंच्या तसं लागू नाही. तिथे स्कॉटिश वॉटर ही सार्वजनिक कंपनी आहे, तिचा नियामक वेगळा आहे आणि घरगुती आकारणी कौन्सिल टॅक्सच्या बिलातच येते.

दुसरी पायरी: वेळापत्रक पाठ असू द्या

दर पाच वर्षांसाठी एकदाच ठरतात. शेवटची फेरी कशी झाली ते पाहिलं की पुढच्या वेळी कधी जागं राहायचं हे कळतं.

नियामकानं डिसेंबर २०२२ मध्ये आपली कार्यपद्धती जाहीर केली: आम्ही काय तपासणार, कशाला किती महत्त्व देणार. कंपन्यांनी २ ऑक्टोबर २०२३ ला आराखडे दिले. मसुदा निर्णय ११ जुलै २०२४ ला आला, हरकती-सूचनांसाठी २८ ऑगस्टपर्यंत मुदत मिळाली, अंतिम निर्णय १९ डिसेंबर २०२४ ला लागला आणि नवे दर १ एप्रिल २०२५ पासून ३१ मार्च २०३० पर्यंतचे.

यात सामान्य माणसाला दोन खिडक्या मिळतात. आराखडा तयार होत असताना आणि दिल्यानंतर कंपन्यांना खुल्या सभा घ्याव्या लागल्या. 'तुमचं पाणी, तुमचं मत' अशा अर्थाचं नाव असलेल्या या सभांना अध्यक्ष स्वतंत्र होता आणि कोणीही प्रश्न विचारू शकत होतं. दुसरी खिडकी मसुद्यानंतरच्या सात आठवड्यांची. ती भर उन्हाळ्याच्या सुट्टीत उघडते, निम्मी मंडळी तेव्हा भारतात गेलेली असतात. मला हे बरोबर वाटत नाही. पण तारीख आधी ठाऊक असेल तर पत्र तिकडूनही पाठवता येतं.

व्यवस्था बदलण्याच्या वाटेवर आहे, हेही ध्यानात ठेवा. सर जॉन कन्लिफ यांच्या स्वतंत्र जल आयोगानं जुलै २०२५ मध्ये ऑफवॉट बंद करून एकच नवा नियामक आणावा अशी शिफारस केली आणि सरकारनं ती उचलली. पण नियामकाच्या दारावर कोणतीही पाटी असो, खर्च, परतावा आणि वसुलीचा काळ हे प्रश्न कोणालाही सोडवावेच लागतील.

तिसरी पायरी: नेहमीचा खर्च वेगळा काढा

आराखडे हजारो पानांचे असतात. सगळं वाचायची गरज नाही. आधी खर्चाचे दोन ढीग करा. एका ढिगात व्यवस्था आहे तशी चालू ठेवण्याचा खर्च: वीज, रसायनं, पगार, फुटलेल्या वाहिन्यांची दुरुस्ती, जुन्या पंपांची बदली. दुसऱ्या ढिगात नवी किंवा वाढीव कामं.

पहिल्या ढिगासाठी नियामक कंपनीच्या शब्दावर विसंबत नाही. सगळ्या कंपन्यांचे अनेक वर्षांचे खर्च एकत्र करून तो संख्याशास्त्रीय प्रतिमानं बांधतो: इतकी घरं, इतक्या लांबीच्या वाहिन्या, पाण्यावर इतकी प्रक्रिया, वस्ती इतकी दाट किंवा विरळ, तर खर्च साधारण किती यावा? मग सरासरीवर न थांबता चांगली कामगिरी करणाऱ्या कंपन्यांची पातळी कसोटी म्हणून धरतो, आणि तंत्रज्ञान सुधारत जातं म्हणून वर आणखी वर्षाला साधारण १ टक्का कार्यक्षमतेची अपेक्षा ठेवतो. यापेक्षा जास्त मागणाऱ्या कंपनीला आपली परिस्थिती खरोखर वेगळी का आहे ते सिद्ध करावं लागतं.

सगळ्यांत मोठा वाद होतो तो 'हे पैसे आधीच दिले होते' या मुद्द्यावर. जलवाहिन्या बदलण्याचं उदाहरण घ्या. नियामकाचं म्हणणं असं की नेहमीच्या खर्चातच वर्षाला सुमारे ०.३ टक्के वाहिन्या बदलण्याचे पैसे धरलेले असतात. या वेगानं अख्खं जाळं बदलायला तीनशेहून जास्त वर्षं लागतील. म्हणजे वेग वाढवायला हवा यात शंका नाही. पण एखाद्या कंपनीनं तेवढंही केलं नसेल, तर त्याच कामाचे पैसे ग्राहकानं दुसऱ्यांदा का द्यायचे? माझ्या मते संपूर्ण तपासणीत ग्राहकाच्या सगळ्यांत जवळचा प्रश्न हाच आहे. तो विचारायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही, कारण तुमच्या रस्त्यावरची वाहिनी किती वेळा फुटली हे तुम्हालाच माहीत असतं.

चौथी पायरी: वाढीव कामांना चार प्रश्न

दुसरा ढीग या वेळी फार मोठा होता. पावसाळी पाणी आणि मैला एकाच गटारातून वाहतो तिथे जोराच्या पावसात मैलापाणी थेट नदीत सोडलं जातं. हे सोडणं २०२१ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी कमी करायचं आहे. त्यात नवे जलाशय, फॉस्फरस काढणारी सांडपाणी केंद्रं, स्मार्ट मीटर अशी कामं. यातली बरीच कंपनीच्या मर्जीवर नसतात. पर्यावरण खात्याची संस्था आणि पेयजल निरीक्षक ती कायद्यानं बंधनकारक करतात. ऑफवॉटला ती नाकारता येत नाहीत, ती किती पैशात व्हावीत एवढंच तो ठरवतो. 'नदी स्वच्छ करायचा खर्च आमच्यावर नको' असं नुसतं लिहिण्यात म्हणून अर्थ नसतो.

प्रत्येक मोठ्या कामाला नियामक चार प्रश्न विचारतो. तुम्हीही तेच विचारा.

काम खरंच लागणार आहे का, आणि आत्ताच का? ग्राहकाच्या दृष्टीनं हाच पर्याय सर्वांत चांगला कसा? काँक्रीटची मोठी टाकी बांधण्याऐवजी पावसाचं पाणी जमिनीत मुरवता आलं असतं का, हा प्रश्न इथे येतो. खर्च रास्त आहे का, इतर कंपन्या अशाच कामाला किती लावतात? आणि काम झालंच नाही तर ग्राहकाचे पैसे परत कसे येणार?

चौथ्या प्रश्नावर या वेळी नियामकानं चांगली पकड घेतली. मोठ्या मंजुऱ्यांना ठोस परिणाम जोडले: इतके मीटर, इतक्या क्षमतेची टाकी, या तारखेपर्यंत. काम झालं नाही तर रक्कम ग्राहकाला परत. आराखड्यातलं आपल्या भागातलं काम शोधा आणि त्याच्यासमोर अशी अट आहे का ते पाहा. नसेल, तर हरकतीचा पहिला मुद्दा तुमच्या हाती आला.

पाचवी पायरी: परतावा, म्हणजे बिलातला न दिसणारा भाग

हा भाग लोक सोडून देतात, कारण भाषा जड असते. पण इथे अर्ध्या टक्क्याचा फरक लाखो घरांच्या बिलात दिसतो. म्हणून एक काल्पनिक कंपनी घेऊन सोपा हिशोब करू.

वर्षानुवर्षं झालेली आणि ग्राहकांकडून अजून वसूल न झालेली गुंतवणूक नियामकाच्या वहीत भांडवल म्हणून नोंदलेली असते. इथे सगळे तिला आरसीव्ही म्हणतात. समजा आपल्या कंपनीचं हे भांडवल ५०० कोटी पौंड आहे आणि ती २० लाख घरांना सेवा देते.

मंजूर परतावा ४ टक्के: वर्षाला २० कोटी.
भांडवलाची वर्षागणिक वसुली ४.५ टक्के: २२.५ कोटी.
वर्षाचा एकूण खर्च ६० कोटी, त्यातला ६० टक्के भाग याच वर्षी वसूल: ३६ कोटी.
कर, बिलिंग, ग्राहकसेवा: ४ कोटी.

बेरीज ८२.५ कोटी. २० लाख घरांनी भागलं की घरटी ४१२ पौंड ५० पेन्स.

आता एकेक आकडा हलवून पाहा. परतावा ४ ऐवजी ४.५ टक्के केला तर २.५ कोटी वाढतात, घरामागे साडेबारा पौंड. कंपनी एक नवी वीटही रचणार नाही आणि बिल मात्र दरवर्षी साडेबारा पौंडांनी वाढेल. उलट, वर्षाचा खर्च १० टक्क्यांनी वाढला तर लगेच १८ पौंड वाढतात, आणि उरलेले २.४ कोटी दरवर्षी भांडवलात जाऊन बसतात. प्रत्येक वर्षीच्या अशा भरीमुळे पुढच्या बिलांत साधारण एकेक पौंड चढत जातो आणि तो बरीच वर्षं रेंगाळतो.

खऱ्या निर्णयात मसुद्यातला परतावा ३.७२ टक्के होता आणि अंतिम निर्णयात तो ४.०३ टक्के झाला, दोन्ही महागाई वगळून. आपल्या काल्पनिक कंपनीत या ०.३१ टक्क्याची किंमत घरटी पावणेआठ पौंड.

हा ४.०३ येतो कुठून? नियामक प्रत्यक्ष कंपनीऐवजी एक आदर्श कंपनी डोळ्यांसमोर ठेवतो, जिच्या भांडवलात ५५ टक्के कर्ज आणि ४५ टक्के भागधारकांचा पैसा आहे. कर्जाला ३.१५ टक्के आणि भागधारकांना ५.१० टक्के धरले की ५५-४५ च्या प्रमाणात काढलेली सरासरी ४.०३ निघते. कागद-पेन्सिल घेऊन स्वतः करून पाहा, जमतं.

आदर्श कंपनी धरण्यामागे ग्राहकाचं संरक्षण आहे. खऱ्या कंपनीनं बेसुमार कर्ज काढलं, त्याचं व्याज वाढलं, तर तो भार भागधारकांचा, आपला नाही. टेम्स वॉटरच्या कर्जाच्या बातम्या वाचून 'आमच्या बिलातून त्यांचं कर्ज फेडलं जातंय' असं लोक म्हणतात. संताप मी समजू शकतो. पण हरकत लिहिताना हे विधान तसंच ठेवलंत तर नियामक एका ओळीत बाजूला सारेल. त्याऐवजी असं विचारा: बुडण्याची जोखीम कंपनीनं स्वतःहून ओढवून घेतली असेल, तर त्या जोखमीचा मोबदला सगळ्यांच्या परताव्यात का मिसळला जातो?

नियामकाची दुसरी बाजूही समजून घ्यायला हवी. १९९१ च्या जलउद्योग कायद्यानं त्याच्यावर ग्राहकांच्या हिताइतकीच आणखी एक जबाबदारी टाकली आहे: नीट चालवलेल्या कंपनीला रास्त परताव्यावर पैसा उभा करता आला पाहिजे. परतावा फार खाली ओढला तर गुंतवणूकदार येणार नाहीत आणि नवी केंद्रं उभी राहणार नाहीत. कमी बिल हे त्याचं एकमेव उद्दिष्ट नाही आणि कायद्यानं असूही शकत नाही.

सहावी पायरी: आज किती, उद्या किती

वरच्या हिशोबात ६० टक्के खर्च याच वर्षी वसूल केला. हे प्रमाण ५० केलं तर आजचं बिल उतरेल, पण भांडवल फुगेल आणि तुमची मुलं त्यावर परतावा भरत राहतील. ७० केलं तर उलट. आराखड्यात ही दोन प्रमाणं, यंदाच्या वसुलीचं आणि भांडवलाच्या वार्षिक वसुलीचं, तक्त्यात दिलेली असतात. ती मागच्या पाच वर्षांपेक्षा बदलली असतील तर कारण विचारा. दरवाढ कमी दिसावी म्हणून खर्च पुढे ढकलला आहे का, की आपली रोख आवक सुधारावी म्हणून कंपनीनं उद्याची वसुली आजवर ओढली आहे? दोन्ही प्रकार घडू शकतात आणि टक्क्यात दोन्ही लपतात.

याच तक्त्यांजवळ कामगिरीची बांधिलकी असते: गळती, पुरवठा खंडित होणं, घरात गटाराचं पाणी शिरणं, प्रदूषणाच्या घटना. उद्दिष्ट चुकलं तर पुढे वसूल करायच्या रकमेतून वजावट होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा वजावटीपोटी १५.७६ कोटी पौंड ग्राहकांना परत करायचे ठरले. तुमच्या कंपनीचं मागच्या पाच वर्षांचं प्रगतिपुस्तक नवं आश्वासन वाचण्याआधी पाहा.

सातवी पायरी: हरकत लिहा, आणि नेमकी लिहा

मसुदा आला की आधी तुमच्या कंपनीसाठीचा वेगळा कागद उघडा. सगळ्या देशाचा सारांश नंतर. त्यात कंपनीनं काय मागितलं आणि नियामकानं काय दिलं हे शेजारी-शेजारी असतं. जिथे मोठी कापणी झाली आहे तिथे खूण करा. कंपनी पुढचे सात आठवडे त्याच जागी पुरावे ओतणार असते.

हे मी मुद्दाम सांगतोय, कारण मसुदा हा शेवटचा शब्द नसतो आणि तो वरही सरकतो. जुलैच्या मसुद्यात सुमारे ८,८०० कोटी पौंड खर्च मंजूर होता, डिसेंबरमध्ये तो १०,४०० कोटी झाला. सरासरी बिलातली पाच वर्षांची वाढ ९४ पौंडांवरून १५७ पौंडांवर गेली. परतावा वाढला, नव्या पर्यावरणीय अटी आल्या, कंपन्यांनी जास्तीचे पुरावे दिले. मसुद्यात मागणी कापलेली पाहून ग्राहक निश्चिंत झाले, तर त्या सात आठवड्यांत एकाच बाजूचा आवाज मोठा राहतो.

दोन पत्रं शेजारी ठेवून फरक बघा.

पहिलं: 'ही दरवाढ अन्यायकारक आहे. आम्हाला परवडत नाही. ती रद्द करावी.'

दुसरं: 'आमच्या भागातल्या सांडपाणी केंद्राची क्षमता वाढवण्यासाठी आराखड्याच्या अमुक पानावर रक्कम मागितली आहे. हेच काम २०२० ते २०२५ च्या मंजुरीतही होतं आणि ते पूर्ण झालेलं नाही. जुन्या मंजुरीतली न वापरलेली रक्कम वजा करूनच नवी रक्कम द्यावी. काम ठरलेल्या वर्षी सुरू झालं नाही तर पैसे परत करण्याची अट घालावी. केंद्राजवळच्या ओढ्याचे, तारखांसह काढलेले फोटो सोबत जोडले आहेत.'

पहिलं पत्र खोटं नाही. परवडण्याचा मुद्दा नियामक सर्वेक्षणांतून मोजतो, आणि कंपन्यांनी सोयीचे प्रश्न विचारू नयेत म्हणून या वेळी सर्वेक्षणाची पद्धतही सगळ्यांना सारखी घालून दिली होती. पण त्या पत्रानं निर्णयातली एकही ओळ हलत नाही. दुसऱ्या पत्रातली मागणी मान्य करता येते किंवा कारण देऊन नाकारता येते. दोन्ही बाबतीत कोणाला तरी उत्तर शोधावं लागतं.

एका पानापेक्षा जास्त लिहू नका. मागणी दोन, फार तर तीन. प्रत्येक मागणीसमोर आराखड्यातलं किंवा मसुद्यातलं पान. परवडण्याबद्दल लिहायचं असेल तर ठोस लिहा: घरात किती माणसं, मीटर आहे का, बिल उत्पन्नाच्या किती टक्के. सोसायटीतल्या किंवा मंडळातल्या दहा जणांनी तेच पत्र चिकटवून पाठवण्यापेक्षा, प्रत्येकानं आपल्या गल्लीतला वेगळा पुरावा जोडलेला जास्त उपयोगी पडतो. घरात आई-वडील असतील आणि इंग्रजीत लिहिणं त्यांना जड जात असेल, तर त्यांनी मराठीत सांगावं आणि तुम्ही लिहून द्यावं. दिवसभर घरात असतात ते तेच, त्यामुळे पाण्याचा दाब कधी उतरतो हे त्यांना सगळ्यांत आधी कळतं.

पत्राची एक प्रत जल ग्राहक परिषदेला पाठवा. सीसीडब्ल्यू या नावानं ओळखली जाणारी ही ग्राहकांची वैधानिक संस्था दरनिश्चितीत ग्राहकांची बाजू मांडते. दुसरी प्रत तुमच्या खासदाराला.

आठवी पायरी: अंतिम निर्णय आणि त्यानंतरचं अपील

अंतिम निर्णयात आधी तुमची मागणी शोधा, मग टक्का पाहा. कंपनीगणिक फरक मोठा असतो. या वेळी सदर्न वॉटरची पाच वर्षांची वाढ ५३ टक्के, टेम्सनं ५३ टक्के मागितले आणि मिळाले ३५. आराखड्याच्या दर्जालाही गुण असतात. सेव्हर्न ट्रेंट आणि साउथ वेस्ट वॉटरचे आराखडे उत्कृष्ट ठरले, टेम्सचा अपुरा.

निर्णय पटला नाही तर कंपनी दोन महिन्यांत तो स्पर्धा व बाजार प्राधिकरणाकडे पाठवायला सांगू शकते. ग्राहकाला हा हक्क नाही. अपीलाचं दार फक्त एका बाजूला उघडतं, ही मला या व्यवस्थेतली सगळ्यांत मोठी उणीव वाटते. अँग्लियन, नॉर्थम्ब्रियन, सदर्न, वेसेक्स आणि साउथ ईस्ट या पाच कंपन्यांनी हा मार्ग धरला आणि मार्च २०२५ मध्ये त्यांची प्रकरणं प्राधिकरणाकडे गेली. त्यांनी मिळून २७० कोटी पौंड जास्तीचे मागितले होते. ऑक्टोबर २०२५ च्या तात्पुरत्या निष्कर्षात प्राधिकरणानं ५५.६ कोटी, म्हणजे मागणीच्या सुमारे २१ टक्के, मान्य केले. त्यातला मोठा वाटा पुन्हा परताव्याचाच. पाचव्या पायरीवर मी इतका वेळ थांबलो तो यासाठी.

अपील करता आलं नाही तरी प्राधिकरणाकडे लेखी म्हणणं देता येतं. तात्पुरते निष्कर्ष आले की मुदत मिळते. तुमची कंपनी अपिलात असेल तर जुनंच पत्र, नव्या पानांचे संदर्भ घालून, पुन्हा पाठवा.

नववी पायरी: दर हिवाळ्यात बिलाची पडताळणी

पाच वर्षांचा निर्णय लागला तरी बिल दरवर्षी बदलतं. आदल्या नोव्हेंबरचा महागाईचा दर (राहत्या घराचा खर्चही धरून काढलेला, सीपीआयएच) त्यात मिळवला जातो. नोव्हेंबर २०२४ चा दर ३.५ टक्के होता. मग निर्णयात त्या वर्षासाठी ठरलेली वाढ किंवा घट, आणि कामगिरीबद्दलची वजावट किंवा बक्षीस. कंपन्या नवे दर हिवाळ्याच्या अखेरीस जाहीर करतात. आधी लिहून ठेवलेल्या दोन ओळी काढा, प्रत्येकीची वाढ वेगळी मोजा, आणि ती या तीन कारणांत बसते का ते पाहा. बसत नसेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, समाधान झालं नाही तर जल ग्राहक परिषद.

निर्णय काहीही लागो, तीन गोष्टी तुमच्या हातात उरतात. छतावरचं पाणी गटारात न जाता अंगणातल्या शोषखड्ड्यात मुरत असेल, तर पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचा आकार कमी करून मागता येतो. अर्जासोबत घराचा नकाशा जोडा, कारण ही सूट कोणी स्वतःहून देत नाही. घरात माणसं कमी आणि बिल करपात्र मूल्यावर असेल तर मीटरचा हिशोब कंपनीच्या संकेतस्थळावर करून पाहा. स्वतः मागून बसवलेलं मीटर परवडलं नाही, तर बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षभरात जुन्या पद्धतीवर परत जाता येतं. आणि मीटर असलेल्या घरात सरकारी साहाय्य मिळत असेल, शिवाय १९ वर्षांखालची तीन किंवा अधिक मुलं किंवा जास्त पाणी लागणारा आजार असेल, तर वॉटरशुअर योजनेत बिल कंपनीच्या सरासरी घरगुती बिलापुरतं मर्यादित होतं. अर्ज कंपनीकडेच करायचा, सोबत साहाय्याचं पत्र आणि आजाराचा पुरावा.